अंगठा आणि सासरेबुवा

...आणि अंगठा बाहेर! उजव्या पायाचा, फाटक्या मोज्यातून अख्खा, नखासकट! आता मला सांगा, माणूस चर्चमध्ये प्रार्थना करायला जातो की पाय दाखवायला? पण नाही, गोतो बेटांवर देवाच्या दारात आधी जोडे काढायचे. काढा बापडे, चांगली रीत आहे, पण ओसाकाहून निघताना मला आठवण कोणी करून द्यायची? बायकोने! चिझुरूने! तिचंच गाव, तिचंच चर्च, सहलही तिनेच काढली... "अहो, आपल्या होनोकाला कळायला नको, ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा पूर्वज लपूनछपून प्रार्थना कशी करायचे ते? शैक्षणिक सहल आहे, झोपा काढायला नाही यायचं!" बोटीत मायलेकी इतिहास घोकतायत आणि मी ओकतोय!

खरं सांगू? मला धास्ती सासरेबुवांची. शिगेमात्सु त्यांचं नाव, जन्मभर मासेमारी केलेला माणूस. लग्न त्यांना न विचारता केलं, तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही हो! पुढे मी बाप्तिस्मा घेतला, कळवलं, तरी नाही. त्यांचा फोन मी उचलला की पलीकडून नुसता समुद्र ऐकू यायचा. आज पहिल्यांदा त्यांच्या शेजारी गुडघे टेकणार, आज तरी म्हातारा विरघळेल म्हणून नवा कोट घातला, टाय बांधला, केस चापून बसवले... आणि अंगठा बाहेर!

तुम्ही म्हणाल, पाय दुमडून घ्यायचा. घेतला ना! डाव्याखाली उजवा असा दडपला, असा दडपला की पार बधिर झाला. तेवढ्यात फादर काय म्हणाले? "ओसाकाच्या पाहुण्यांनी पुढे यावं, आशीर्वाद देतो." मी उठलो, पण पाय उठलाच नाही! चटईवर सपशेल पालथा! मागे डोक्यावर प्रार्थनेच्या पांढऱ्या जाळीदार ओढण्या घेतलेल्या झाडून साऱ्या आज्या, आणि त्यांच्या पुढ्यात माझा अंगठा बाहेर! वर लेक कानात म्हणते, "बाबा, पूर्वजांनी असं लपवलं असतं ना, पहिल्याच दिवशी सगळे पकडले गेले असते!"

आणि सासरेबुवा? समोर क्रूसाकडे बघत बसलेले. हसले नाहीत, रागावले नाहीत. मी म्हटलं, संपलं.

बाहेर आलो तर आज्यांनी घेरलं. "असू द्या हो, घरात पडूनच होते," म्हणत एकेक जण मोजे हातात देतेय. लोकरीचे, सुती, एक तर गुलाबी! तुम्हाला सांगतो, डोळे भरून आले. कोण मी, कुठला, पण घरचाच समजून मोजे देत होत्या. देवाचे आभार मानले, अगदी मनापासून. पण आमच्याकडे भेट नुसती घेऊन चालतं का? परतभेट नको? प्रत्येकीला? मी वाकून वाकून आभार मानतोय, कंबर मोडायला आलेली...

संध्याकाळी धक्क्यावर सासरेबुवा आले. खिशातून जाड मोजे काढले, होडीवर घालायचे, स्वतः रफू केलेले, माशाचा वास अजून तसाच. माझ्या हातात कोंबले. मी वाकलो, ते वाकले, मी आणखी वाकलो. बोट सुटायला आली, चिझुरू ओरडतेय, आणि म्हाताऱ्याने तोंड उघडलं हो! लग्नानंतर पहिल्यांदा!

"पुढच्या वर्षी परतभेट घेऊन या, जावईबापू."

जावईबापू! ऐकलंत ना? मी जोरजोरात मान हलवली. तर म्हणाले,

"आणि नखं कापून या."