तात्यांची समाधी

अगं, आमच्या पाथर्डीकडच्या सप्त्यात कीर्तनाला टाळकऱ्यांशेजारी एक कुत्रं कान टवकारून बसलेलं. मी फोटो काढला, माझा आजवरचा सगळ्यात भारी! कीर्तन संपल्यावर चुलते तात्या खेकसले, “देवाच्या दारात कुत्र्याचे फोटू काढती व्हय? दाखव!”

दाखवला. कुत्र्यामागे तात्याच मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेले.

“पुसून टाक आधी!”

“मुळीच नाही. कुत्रं किती मन लावून ऐकतंय, बघा तरी!”

“मी झोपलो न्हवतो. समाधी लागली हुती.”

तेवढ्यात काकूंनी डोकावून फोटो पाहिला. “ऱ्हाऊ दे गं पोरी. फोटूत आवाज येत न्हाई हेच नशीब. ह्यांची समाधी लई घोरत हुती.”