चाकाखालचं लिंबू

हसा तुम्ही, पण त्या गाडीत मी होतो! जीपमागं ओढायची, आत झोपायची सोय असलेली जुनी कारवान मी लातूरच्या भंगारातून आणून शेतात दुरुस्त केली. शेवटची खिडकी आतून बसवत होतो. दार वाऱ्यानं आपटतंय म्हणून दाजींनी बाहेरून कडी घातलेली.

"नारळ फोडला," दाजी बाहेरून म्हणाले, "आता चाकाखाली लिंबू ठेवतो."

"ठेवा की."

लिंबाला जागा व्हावी म्हणून त्यांनी चाकाखालचा दगडच काढला.

गाडी सुटली. पुढं उतार, खाली कठडा नसलेली विहीर. मी आतून दार बडवतोय. बाभळीला अडकली, तेव्हा खिडकीतून नुसतं पाणी दिसत होतं.

दाजींनी पळत येऊन कडी काढली.

"पाव्हणं, लिंबू बरूबर फुटलं बघा. आता गाडीला काही व्हत न्हाई."