फ्यूजच्या जागी तार

— बसा की पावणं, हॉर्नचंच तर काम हाय, कितीसा वेळ लागनार — न्हाय, लागतोय जरा, मान्य हाय, मगाधरनं तुमी घड्याळ बघताय ते दिसतंय मला. च्या सांगितलाय. मिस्त्री? मिस्त्री न्हाईत आज. पिराजी मिस्त्री, दुकान त्यांचंच, बाहेर पाटीवर नाव हाय बघा — डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पंधरा दिस उजेडात यायचं न्हाय म्हनून डॉक्टरनं सांगितलंय. तवर मी बघतोय दुकान. हातात काय धरलंय? ह्ये? रबर हाय. पत्र्याला भोक पाडलं की त्यात बसवायचं असतंय, म्हंजी वायर पत्र्याच्या धारंला घासत न्हाय. चार हायती. सकाळी नऊ वाजता घावली मला. काल काढून टाकलेल्या कामाच्या पँटीच्या खिशात. चारीच्या चारी.

न्हाय न्हाय, तुमच्या गाडीची न्हवंत. तुमच्या गाडीला कायसुदिक झालेलं न्हाय, घाबरू नगा. एक मिनिट हां, फोन लावतो जरा. … न्हाय. परत तीच बाई. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर." साडेदहापास्नं छत्तीस वेळा लावला, छत्तीस वेळा तेवढंच, तेवढ्याच गोडीत. तिला काय, तिची पोरं न्हाईत त्या गाडीत.

कोनती गाडी? सांगतो की. तुमी बघितलीया का कधी तसली, आत घर असलेली? पूर्णिमाताई म्हनून हायती, शाळंत शिकवत्यात. त्यांनी आनि सम्राटदादांनी — म्हंजी त्यांचं मालक — शाळंचीच एक जुनी गाडी घेतली, पोरं न्यायची असती तसली, आनि दोन वर्सं खपून आत घर केलं. वटा, शेगडी, बारका फ्रीज, पडदं, मागं आडवी गादी पोरांस्नी झोपायला. राजवीर नि दीप्ती, तो नऊचा, ती सहाची. आता इंजिनची बॅटरी पुढं असती, ती निराळी. मागच्या घराला आनि एक बॅटरी बसवलेली. ती पुरंना. रात्री फ्रीज नि पंखा लावला की पहाटं दोन्ही बंद, दूध नासलेलं, पोरं घामानं उठलेली. म्हनून तिच्या जोडीला दुसरी बॅटरी पायजे. शहरात दोन ठिकानी जाऊन आल्या. एकजन म्हनला, असलं आमी करत न्हाय. दुसरा म्हनला, मालकांस्नी पाठवा, बायकांस्नी काय सांगू. मग हितं आल्या. मी आपला खाली मान घालून स्टार्टर उघडत बसलेलो. बायकांशी बोलायचं म्हनलं की माझी जीब टाळूला चिकटती, मिस्त्री हसत्यात त्यावरनं. म्हनलं, जमंल की. एवढंच. तर त्या म्हनल्या — वा, भेटला बाई एकदाचा इंजिनिअर!

हसू नगा पावणं. तुमी हसला न्हाईसा? मग ठीक. आठवीतनं शाळा सोडलीया मी. ह्या दुकानात सात वर्सं मला "ए" म्हनत्यात, "बारक्या" म्हनत्यात, एक जन तर नुसतं "शुक" करतोय. आनि ह्या बाई चार दिस रोज सांच्याला यायच्या, डब्यातनं काय ना काय आनायच्या आनि म्हनायच्या, काय म्हनतंय काम, इंजिनिअर? त्या नावाला मी भुललो बघा. तिथंच घात झाला.

काम चांगलं केलतं वो. देवाशपथ चांगलं केलतं. जागा तेवढी अडचनीची. पैल्या बॅटरीच्या शेजारी दुसरी मावंना, म्हनून पत्र्याच्या पलीकडं बसवली, पोरांच्या गादीखाली. मधल्या पत्र्याला भोक पाडलं, त्यातनं अंगठ्याएवढी जाड लाल वायर नेली, मधी फ्यूज टाकला. भोकाला रबर एकच लागतंय, पन पाकिटात चार येत्यात, ती आनलेली. पँटीच्या खिशात घातलेली. तेवढ्यात त्यांचा राजवीर आला, म्हनला, दादा, ह्यात वीज कुठं बसती? मला असं कोन कधी विचारत न्हाय. सांगत बसलो त्याला. सांगितलं आनि वायर तशीच ओढून घेतली. रबरं खिशात.

परवा दिशी त्या म्हनल्या, नव्या बॅटरीला जोतिबाचा गुलाल लावून आनूया. गेलो सगळी. सपाटीला काय न्हाय, पंखा चालू, फ्रीज चालू, पोरं नाचायल्यात. घाटाला वळनावर गाडी हिंदकळली आनि फटकन सगळं बंद. फ्यूज उडलेला. दुसरा टाकला. देवळापातूर नीट गेलो. उतरताना त्याच वळनावर तोबी उडला. आता तुमीच सांगा, सपाटीला टिकतोय आनि हिसका बसला की उडतोय, म्हंजी काय? वायर कुठंतरी पत्र्याला चाटतीया. शेंबड्या पोराला कळंल. मला बी कळायला पायजे हुतं. पन ताई शेजारी बसलेल्या, कपाळाला गुलाल, त्यांनी इचारलं, काय झालं हो इंजिनिअर? आनि मी म्हनलं — फ्यूजच डुप्लिकेट निघाला, ताई.

हुतं ते दोन संपलं, आनि तेवढा मोठा फ्यूज कोल्हापुरात मिळंना. पुण्यास्नं यायचा, दोन दिस लागनार. आनि त्यांस्नी आज सकाळी सहाला निघायचंच हुतं. चंदगड, तिथनं पुढं तिलारीच्या जंगलाकडं, आठ दिस. पोरांनी उशा सुदिक रचून ठेवलेल्या गाडीत. मग मी काय केलं — तुमी शेतकरी हाय न्हवं? हातावरनं वाटलं. मग तुमच्या मोटरंच्या पेटीत फ्यूज उडाल्यावर तुमी काय करता? तार गुंडाळता. व्हय की न्हाय? सगळीच गुंडाळत्यात. मी बी तेच केलं. तांब्याच्या सात तारा पिळल्या आनि फ्यूजच्या जागी आवळून टाकल्या. लगीच सगळं चालू. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पिराजी मिस्त्रींनी पैल्याच दिशी सांगितलतं मला. म्हनलं हुतं, लेका, फ्यूज उडतोय म्हंजी तो बोंबलतोय, त्याच्या तोंडात तार कोंबू नगंस. एवढं एकच सांगितलतं, बाकी सगळं बघून शीक म्हनलेलं.

मोटरंचं निराळं वो पावणं. मोटर जळली तर मोटर जळती. हितं वायर दर खड्ड्याला पत्र्याच्या धारंवर घासनार, वरचं कातडं कापत जानार, आनि एकदा का तांबं पत्र्याला चिकटलं की मधी अडवायला कोन न्हाय. दोन बॅटऱ्यांचा सगळा जोर त्या एका वायरीत. लालभडक व्हनार ती, इस्तवासारखी. आनि वर काय हाय? फळी. फळीवर गादी. गादीवर —

पानी द्या जरा. न्हाय, माझं मीच घेतो, बसा.

आधीच का न्हाय सांगितलं म्हनता. सांगायचंच हुतं! नवाला रबरं घावली. तासभर ती घेऊन हितंच बसलो, ह्याच पाटावर. दहाला फोन लावला, तवा लागला. गडहिंग्लजात च्याला थांबलेली. ताईंनी उचलला, म्हनल्या, काय हो इंजिनिअर, करमंना व्हय आमच्याबिगर? मागं पोरं हसायलेली. आनि मी… मी म्हनलं, काय न्हाय ताई, सहज. सगळं बरं हाय न्हवं?

व्हय. असंच म्हनलं.

थांबा, सगळं ऐका, आता सांगायलोयच तर. त्या म्हनल्या, सगळं झकास, दीप्ती तेवढं म्हनतीया की गादीपाशी रबर जळल्यागत वास येतोय. पावणं, तवा तरी बोलायचं का न्हाय? तोंड उघडलं मी. उघडलं आनि आतनं काय आलं? नवीन वायरीचा वास असतोय ताई, जाईल दोन दिसात. असं आलं. माझ्याच तोंडातनं, माझ्याच आवाजात. त्या बरं म्हनल्या आनि फोन ठेवला. अर्ध्या तासानं धीर करून परत लावला, तर तवर नेसरीकडच्या डोंगरात गेलेली. तवापास्नं ही गोड बाई. दादांचा नंबर माझ्याकडं न्हाय. शाळंत फोन केला, तर शाळंला सुट्टी. चंदगडच्या एसटी डेपोत नंबर काढून लावला, तिथला मानूस म्हनतोय, कसली घराची गाडी? पिऊन बोलतोस काय रे?

पावणं, तुमची गाडी मोठी हाय. जोरात पळती. मला चंदगडला न्या. मला चालवाय येत न्हाय, दुकानची मोटारसायकल मिस्त्रींच्या दारात. तीन तास लागतील. अंधार पडायच्या आत त्यांस्नी गाठलं पायजे, पोरं झोपायच्या आत. तुमी म्हनाल ते करीन — उठू नगा. उठू नगा, मी पाया पडतो. गाडी चालू व्हनार न्हाय तुमची. न्हाय व्हनार. हॉर्न कवाच झालाय. तुमी च्याच्या टपरीकडं बघत हुतासा तवा मी इंजिनचा फ्यूज काढून घेतला. ह्यो बघा, वरच्या खिशात. चोर न्हाय वो मी. मला मागता येत न्हाय कुनाकडं काय. कधी मागितलंच न्हाय. तुमी निघून जाशीला म्हनून —

फोन. माझाच वाजतोय. ताईंचं नाव हाय. तुमी घ्या. घ्या की पावणं, तुमी सांगा, माझ्याच्यानं — बरं. बरं. घेतो.

हॅलो. व्हय ताई, मीच. न्हाय, इंजिनिअर नगा म्हनू. गाडी कुठं हाय? चालती हाय? थांबवा. आदी थांबवा, मग सांगतो. पोरांस्नी खाली उतरवा. न्हाय, आदी पोरं. … उतरली? दोगं बी? लांब उभी करा, रस्त्याच्या पलीकडं. आता फ्रीज, पंखा, सगळं बंद करा आनि दादांस्नी गादीखालची फळी उचलाय सांगा. ड्रायव्हरच्या सीटमागं पिशवीत दहाचा पाना हाय, मीच ठेवलाय. दोन्ही बॅटऱ्यांची काळी वायर काढायची. पैली काळी. लालला हात लावायचा न्हाय. … काढली? दुसरी? … काय? खालनं काळी पडलीया? फळी? केवढी?

… व्हय.

माझ्यामुळं. फ्यूज डुप्लिकेट नव्हता ताई. रबर बसवायचं मी इसरलो आनि तिथं तार टाकली. सकाळी दहाला मला म्हाईत हुतं. … व्हय. दीप्तीनं वासाचं सांगितलं, तवा बी म्हाईत हुतं.

हॅलो? ताई?

… ठेवला.

शिवी सुदिक न्हाय दिली. मागं राजवीर इचारत हुता, कोन हाय आई? तेवढं ऐकू आलं.

च्या घ्या, आला बघा तुमचा च्या. न्हाय, मला नगो. उघडा बॉनेट, बसवतो. पैसं नगोत, पाकीट ठेवा आत. … बसला. जावा आता. जावा पावणं, उगं उभं ऱ्हाऊ नगा, मला दुकान बंद करून मिस्त्रींच्याकडं जायचंय. त्यांस्नी बी सांगायचंय. थांबा, तसं नगा जाऊ. आदी वाका आनि बघून घ्या डोळ्यांनी, हात लावून बघा. फ्यूज हाय. तार न्हाय.