परिषदेचा भात

नाही नाही, तिथे नको, त्या खुर्चीचा पाय हलतो — इकडे बसा मॅडम, हां, इथे. तर मी काय सांगत होतो, की आमच्या अन्नसुरक्षा संशोधन संस्थेत असलं काही कधी झालंच नव्हतं. एकोणतीस वर्षं झाली मला इथे, त्यातली सहा संचालक म्हणून, आणि आमचं सगळं काम कशावर, तर माणसांना आजारी पाडणाऱ्या जंतूंवर — म्हणजे जंतू पाडतात आजारी, आम्ही नाही, तेवढं लिहिताना जरा बघून लिहा. तुम्ही मुख्यालयातून चौकशीला आलात, चांगलं केलंत, उगाच बाहेर काहीबाही पसरतं. आमची अंतर्गत चौकशी तशी पूर्ण झालेली आहे. समिती तिघांची होती — अध्यक्ष मी, एक उपसंचालक, आणि तिसरे अजून दवाखान्यातून घरी आले नव्हते, त्यांची सही मागाहून घेतली. निष्कर्ष एकच : आचाऱ्याच्या हातांची स्वच्छता. त्याला घरी बसवलंय. संपला विषय.

हात तपासले का? तपासले ना. काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं कुठे असतं, हे तर आमच्या शास्त्रात पहिल्या वर्षी शिकवतात.

दिवस कसा होता ते सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. वार्षिक परिषद. विषय — स्वयंपाकघर ते पोट, सुरक्षित प्रवास. दोनशे चौदा पाहुणे, सगळे याच विषयातले, एकेकाच्या नावापुढे दोन-दोन ओळी पदव्या. आणि उद्घाटनाला खात्याचे सचिव येणार होते, त्यांना आमचं नवीन स्वयंपाकघर दाखवायचं होतं. आदर्श स्वयंपाकघर, मॅडम. पांढऱ्या फरशा, चकचकीत ओटे, कुठे एक शिंतोडा नाही. आता मला सांगा, ओट्यावर भांडी रटरटताहेत, वाफेनं भिंती घामाघूम झाल्यात, अशा स्वयंपाकघराचा फोटो कोण काढेल? म्हणून मी आदल्या दिवशी आचाऱ्याला सांगितलं की स्वयंपाक पहाटेच उरकायचा, सहानंतर एकही शेगडी पेटता कामा नये, आठ वाजता सगळं धुऊनपुसून लख्ख. तो म्हणाला, साहेब, भाज्यांचं जमवता येईल, पण भात इतक्या लवकर करून नाही चालत. बावीस वर्षं इथे स्वयंपाक करतोय, त्यामुळे त्याला वाटतं त्याला सगळं कळतं. मी म्हटलं, तू भात कर, शास्त्र आम्ही बघतो.

पाच वाजता भात झाला. चार मोठी पातेली. झाकून मागच्या खोलीत ठेवली. गरम पाण्याचे ट्रे होते आमच्याकडे, ज्यात ठेवलं की जेवण गरम राहतं — आहेत अजून, नवे कोरे आहेत — पण त्यांची वाफ फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याच्या काचेवर येत होती, म्हणून ते मीच, म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून, काढून ठेवले.

जेवण साडेबाराला होतं. सचिव आले पावणेबाराला, यायला हवे होते दहाला. मग दीपप्रज्वलन, ते सोडा, मग त्यांचं भाषण, मग माझं. मी फार बोललो नाही, अठ्ठावन्न मिनिटं. पण मॅडम, भाषण रंगलं. मी सांगत होतो की शिजवलेला पदार्थ एकतर कडकडीत गरम ठेवा नाहीतर झटकन गार करा, मधे कुठे रेंगाळू देऊ नका — आणि मागे पडद्यावर लाल अक्षरांत, कोमट म्हणजे धोका. लोकांनी फोटो काढले त्या पडद्याचे. तो मजकूर खरं तर आमच्याकडच्या एका मुलीचा, पण सादर मी केला.

ही मुलगी म्हणजे — तुम्हाला ती भेटली असेलच खाली, प्रयोगशाळेत. तिला सगळे थर्मामीटर म्हणतात. ॲप्रनच्या खिशात कायम एक सळईवाला थर्मामीटर, कँटीनमध्ये वरणातसुद्धा बुडवून बघते. भातातल्या जंतूंवर चार वर्षं काम करतेय. मी तिला कितीदा सांगितलं, अगं, भात काय विषय आहे का, कुणी परदेशात बोलावणार नाही भातासाठी. तिचा निबंध दोनदा परत पाठवला मी, व्यावहारिक महत्त्व स्पष्ट नाही, असा शेरा मारून. हा शेरा फाइलमध्ये आहे, तुम्ही बघितला असेल. त्या वेळी नव्हतंच स्पष्ट.

तर दोनला पाच कमी असतील, मी व्यासपीठावरून उतरतोय, ही समोर उभी. म्हणाली, सर, भात एकोणचाळीस अंशांवर आहे, चारही पातेली, नऊ तास झालेत, टाकून द्यावा लागेल. मी म्हटलं, हळू बोल. दोनशे माणसं भुकेनं कासावीस झालेली, सचिव हात धुताहेत, आणि मी अन्नसुरक्षेच्या परिषदेत अन्न फेकून देऊ? बातमी काय होईल? मी तिला म्हटलं, गरम करून वाढायला सांग. तर ती म्हणते कशी, या जंतूचं विष उकळलं तरी जात नाही, सर, तुम्हीच आत्ता सांगितलंत. आता भाषणात माणूस खूप काही सांगतो.

मी निर्णय घेतला, मॅडम. संचालकाला निर्णय घ्यावे लागतात. नाही, भात टाकून द्या असा निर्णय नाही — बघू, असा निर्णय घेतला. आणि मी बघेपर्यंत वाढपी वाढायला लागले होते.

चार वाजता सत्र सुरू झालं आणि साडेचारला निम्मं सभागृह रिकामं. पहिल्यांदा मला वाटलं वक्ता कंटाळवाणा आहे. बाहेर येऊन बघतो तर स्वच्छतागृहाबाहेर रांग, जिन्यापर्यंत. आणि रांगेत काय चाललेलं? चर्चा. एक जण पोट धरून सांगतोय, दोन तासांत उलटी म्हणजे हे तयार विष आहे, संसर्ग नव्हे. दुसरा भिंतीला टेकून म्हणतोय, एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही, नमुना हवा. तिसऱ्यानं खरोखर निर्जंतुक बाटली मागितली हो माझ्याकडे. एकशे एकतीस माणसं, मॅडम. बाग, पार्किंग, जिथे जागा मिळेल तिथे. इतकी जाणकार माणसं एका वेळी आजारी पडलेली शास्त्राच्या इतिहासात नसतील, पण हे आपण अहवालात घालू शकत नाही.

आचारी एकटा धावत होता. साखरमिठाचं पाणी करून पेलेपेले नेऊन देत होता लोकांना. हेच मी समितीत मांडलं, की त्याने त्या वेळी हात धुतले होते का, कुणी पाहिलं का. आणि थर्मामीटरबाई काय करत होत्या, तर उरलेल्या भाताचे नमुने भरत होत्या. तिसऱ्या दिवशी अहवाल घेऊन हजर. एका ग्रॅम भातात कोट्यवधी. मी म्हटलं, भाषा जरा सौम्य कर. ती म्हणाली, आकड्याची भाषा कशी सौम्य करू, सर. इथे खणात आहे तो अहवाल. दाबला नाहीये, ठेवलाय. त्यात फरक आहे.

मी? मला काही नाही झालं, देवाची कृपा. नाही, प्रकृती दणकट वगैरे नाही — माझा डबा असतो. घरचा. वीस वर्षं झाली, मी बाहेरचं खात नाही. बायको म्हणते, तुम्ही हा विषय काय शिकलात, आमचं हॉटेलात जाणं संपलं. त्या दिवशीही मी माझ्या खोलीत येऊन डबा खाल्ला आणि मग पाहुण्यांमध्ये गेलो, चौकशी करायला, आग्रह करायला. यजमानाला करावा लागतो.

मोठ्या सरांनाही केला. मोठे सर म्हणजे आमचे पहिले संचालक, माझे मार्गदर्शक, एक्याऐंशी वर्षांचे. त्यांच्याच हाताखाली मी सूक्ष्मदर्शकाला पहिल्यांदा डोळा लावला. ते फार थोडं जेवतात. पानातला भात संपलेला दिसला म्हणून मी वाढप्याच्या हातून झारा घेतला आणि — मॅडम, ते नको म्हणत होते. मी म्हटलं, सर, माझ्या हातचा घ्या. असं आपण म्हणतोच ना. तोंडातून येतं ते.

बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठले. सर अजून दवाखान्यातच आहेत. मूत्रपिंडावर परिणाम झालाय म्हणतात, वयही आहे. मी गेलो होतो चौथ्या दिवशी, फळं घेऊन. हाताला सलाइन, आवाज अगदी खोल गेलेला. कशी आहे तब्येत विचारलं, तर उलट मला विचारतात, "भात किती अंशांवर होता?" विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत विचारायचे ना, तसं. मी म्हटलं, "मोजला नव्हता, सर." ते म्हणाले, "ती मुलगी काल येऊन गेली." एवढंच. आणि कूस बदलली. मी फळं ठेवून आलो.

हे कशाला लिहिलंत? ही खाजगी गोष्ट आहे. खोडा ते. आणि तुम्ही अजून सांगितलं नाहीत की तक्रार कुणाची आहे. आचाऱ्याची असणार, त्याला युनियनवाल्यांनी चढवलाय, किंवा त्या मुलीची, तिला निबंधाचा राग आहे — बघू तरी, आणा इकडे.

हे सरांचं अक्षर आहे.

थरथरलंय, पण त्यांचंच. चार ओळी. सरांचं असंच असायचं, निरीक्षण तेवढं लिहायचं, मत नाही. 'मी भात दोनदा घेतला. दुसऱ्यांदा संचालकांनी स्वतः वाढला. त्या वेळी तापमान त्यांना माहीत होतं. आचाऱ्याला कामावर परत घ्यावं.'

नाही, पाणी नको. सही कुठे करायची, याच्याखाली? आचाऱ्याला परत घ्यायच्या कागदावर का — हो, करतो. आणि हा खणातला अहवाल न्या. न्या म्हटलं ना. आता तुम्ही निघा, मॅडम. मला दवाखान्यात जायचंय, चार ते पाच एवढीच वेळ असते भेटायची. भेटतील का, ते माहीत नाही. तुम्ही निघा.