रॅमन महापौर झाला तेव्हा

जळफळाट म्हणजे काय, ते मला विचारा. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा फिलिपिनो रॅमन नोकरी सोडून गावी गेला, निवडणूक लढला आणि चक्क शहराचा महापौर झाला! मी अजून त्याच खुर्चीत. बायको रोज जेवताना त्याचे हारतुऱ्यांचे फोटो दाखवायची आणि माझा घास घशात अडकायचा.

परवा तो इथले बांध बघायला आला होता, तेव्हा युट्रेख्टला कॉफी प्यायला भेटलो. मी म्हणालो, "मजा आहे बुवा तुझी!"

तो म्हणाला, "वादळात शहर बुडालं. होड्या कमी होत्या. आधी कुठे पाठवायच्या, ते मी ठरवायचं होतं. आईच्या गल्लीतल्या घरांना गच्च्या होत्या, म्हणून ती गल्ली शेवटी ठेवली. आई वाचली, पण अजून माझ्याशी बोलत नाही."

कॉफीचे पैसे मी दिले.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आता तरी जळणं थांबलं का?"

"वाढलं गं," मी म्हटलं. "मी असतो ना, तर पहिली होडी आईकडेच पाठवली असती."