खडकात कोणी नाही म्हणे

आत कोणी नाही? कशावरून, एर्लिंगुर? तुमच्या त्या खडकाला लावलेल्या डब्यावर सरळ रेघ आली म्हणून? वा! म्हणजे आमच्या आजोबांच्या वेळी रस्ता या खडकाला वळसा घालून गेला, तो काय सगळे वेडे होते म्हणून? आत लपलेली माणसं राहतात, आधी त्यांना विचारायचं, सामान हलवायला वेळ द्यायचा, मग खडकाला हात लावायचा — एवढी रीत आइसलंडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तुम्ही रस्त्यासाठी आलात सरळ ड्रिल घेऊन! कॉफी घ्या. नाही, बाळगाडी खडकाशीच राहू दे, माझा सिंद्री जागाच आहे.

रेघेचं तर मला सांगूच नका. जानेवारीत दवाखान्यात त्याच्या कानाला असाच डबा लावला होता. तिथेही सरळ रेघ. डॉक्टरीण म्हणाली, थोर्दिस, याला काहीच ऐकू येत नाही. मी म्हटलं, बाई, तुम्हाला देवमाशाचं बोलणं ऐकू येतं? नाही ना? मग देवमासा मुका झाला का? पण हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? रस्त्याचं बोला.

माझ्या हाकेला वळत नाही, खरंय. भांडी आपटली, दारं आपटली, केटिलनं होडीचा भोंगा आणून वाजवला — बापाकडे ढुंकून बघितलं नाही पोरानं. पण या खडकाला हात टेकला की हसतो. रोज, दहाच्या सुमाराला. कोण बोलतं त्याच्याशी? तुमचा डबा?

काय? दहाला खालून खडीचे ट्रक जातात? माहितीये मला. घड्याळ कळतं. रविवारी ट्रक नसतात, तेही माहितीये. आणि रविवारी तो हसत नाही, तेही — रविवारी त्या लोकांना सुट्टी असेल! तुम्हाला काय करायचंय?

उठलात? सुरू करताय? थांबा. थांबा म्हणते ना — आधी त्याला घेऊ दे. हा त्याचा हात, असा, खडकावर. आता ड्रिल लावा. फोडायचा नाही हं, नुसतं टेकवून चालवा.

...

बंद का केलंत? मी रडले तर रडले, ड्रिलला काय झालं? चालू करा, हसत होता तो. आणि तोंड तिकडे करा.