मिनिटाला एकवीस थेंब

अगं, हट्टी पेशंट मी खूप पाहिले, पण बोईसरच्या आमच्या दवाखान्यातली ती कोळीण आजी वेगळीच! तिचं हृदय अशक्त, म्हणून डॉक्टरांनी सलाईनची बाटली आठ तासांत द्यायला सांगितली होती. मी हिशोब करून मिनिटाला एकवीस थेंब लावले. माझी पाठ वळली की आजी नळीचं चाक फिरवून धार मोकळी सोडायची.

"लवकर सरंल, बाय. माजे बोंबील वाळत हायेत!"

तिसऱ्यांदा मी चाक आवळलं आणि स्टूल ओढून बसलेच.

"आजी, भराभर गेलं तर छातीत पाणी भरेल. मी हलणार नाही."

"आठ तास?"

"आठ तास."

आजीने पाय आखडून खाटेवर जागा केली. "मंग वर बस. कंबर मोडंल तुजी."